बुडबुडा कोठून येतो?

(कोलकाता येथे हौशी मत्स्यपालकांपुढे दिलेले व्याख्यान)



आज बोलण्यासाठी आपण मला जो विषय नेमून दिला आहे, तो प्रथमदर्शनी फारच लहान वाटण्याजोगा आहे. काचेच्या टाकीत मासे पाळणाऱ्या कित्येकांच्या घरी टाकीखालच्या कपाटात एक बंद डबा असतो. टाकीतील पाणी एका नळीने त्या डब्यात उतरते, तेथे गाळले जाते आणि पंपाच्या जोरावर दुसऱ्या नळीने पुन्हा टाकीत चढते. बाजारात या उपकरणाला कॅनिस्टर फिल्टर म्हणतात. आपण त्याला सोयीसाठी नुसती ‘गाळणी’ म्हणू. या गाळणीतून परत येणाऱ्या पाण्याबरोबर कधीकधी हवेचे बुडबुडे येऊ लागतात. ते का येतात आणि कसे थांबवावेत, एवढाच आजचा प्रश्न आहे.

प्रश्न लहान असला तरी त्याचे उत्तर चुकीच्या ठिकाणी शोधले तर परिणाम मोठा होतो. माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांचेच उदाहरण घ्या. त्यांच्या टाकीत ‘मिस केरला’ या नावाने विकले जाणारे सहा मासे होते. हा मासा केरळ आणि कर्नाटकातील पश्चिम घाटांच्या वेगवान, निर्मळ ओढ्यांत राहणारा. २०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याच्यासाठी जी नवी प्रजाती ठरविली, तिला त्यांनी सह्याद्रीवरूनच ‘सह्याद्रिया’ असे नाव दिले. आज तो संकटग्रस्त माशांच्या यादीत आहे. अशा माशाला ज्यांनी घरात आणले, त्यांच्यावर त्याच्या जिवाची दुप्पट जबाबदारी असते. या गृहस्थांच्या गाळणीतून बुडबुडे येऊ लागले. डब्यातच काही बिघाड असावा अशा समजुतीने त्यांनी डबा उघडला, आतील स्पंज आणि चिनीमातीच्या कड्या नळाच्या धारेखाली पांढऱ्या शुभ्र होईपर्यंत धुतल्या आणि सारे पुन्हा बसविले. बुडबुडे थांबले नाहीत. ते न थांबल्यामुळे त्यांनी तीन दिवसांत आणखी दोन वेळा तेच केले. आठवडा संपण्यापूर्वी चार मासे मेले. पुढे असे आढळून आले की, दोष डब्यात मुळीच नव्हता. टाकीच्या काठावरून जाणाऱ्या शोषणनळीचा एक सांधा किंचित सैल झाला होता. त्याला हात लावण्यास अर्धे मिनिट पुरले असते.

मासे बुडबुड्यांमुळे मेले नाहीत. बुडबुड्यांवर जो उपाय केला गेला त्याने ते मेले. हे कसे घडले ते समजण्यासाठी त्या डब्यात काय असते ते प्रथम पाहिले पाहिजे.

मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. उरलेले अन्न आणि विष्ठा कुजल्यानेही अमोनिया तयार होतो. मोकळ्या नदीत तो वाहून जातो. टाकीत तो साचतो आणि थोड्या प्रमाणातही माशांना विषारी ठरतो. १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे आपल्या काचपात्रातील मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी यांच्या परस्परावलंबनाचे वर्णन केले. मत्स्यटाकी हे एक समतोल जग असते हा विचार तेव्हापासून रूढ झाला. परंतु त्या समतोलातील सर्वांत महत्त्वाचे कामकरी डोळ्यांना दिसत नाहीत. १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, काही जिवाणू अमोनियापासून नायट्राइट आणि काही जिवाणू नायट्राइटपासून नायट्रेट बनवून त्यावरच आपला निर्वाह करतात. २०१५ मध्ये तर ही दोन्ही कामे एकट्याने करणारे जिवाणूही सापडले. गाळणीतील स्पंजावर आणि कड्यांवर जो तपकिरी, बुळबुळीत थर दिसतो त्यातच ही सारी मंडळी वस्तीला असते. तो थर म्हणजे मळ नव्हे. नळाच्या पाण्यातील क्लोरीनने त्याची धुलाई करणे म्हणजे टाकीचे यकृत काढून धुण्यासारखे आहे.

या जिवाणूंना प्राणवायू भरपूर लागतो. अमोनियातील १ ग्रॅम नायट्रोजनाचे नायट्रेटमध्ये रूपांतर होताना सुमारे साडेचार ग्रॅम प्राणवायू खर्च होतो. हा प्राणवायू त्यांना केवळ वाहत्या पाण्यातून मिळतो. म्हणून गाळणीतून पाणी अखंड वाहत राहणे, ही तिच्या साऱ्या कामाची पहिली अट आहे. बुडबुड्यांची दखल घ्यायची ती याच कारणासाठी. पंपाच्या पोटात हवा शिरली की त्याची फिरकी पाण्याऐवजी हवेत फिरते, खडखडते आणि प्रवाह मंदावतो. हवा फार साचली तर प्रवाह पूर्ण थांबतो. फिरकीचा आस पाण्यानेच थंड आणि ओलसर राहत असल्यामुळे कोरड्यात फिरणारा पंप लवकर झिजतो, हे निराळेच.

येथे एका प्रचलित गैरसमजाचा उल्लेख करणे आवश्यक आहे. बुडबुडे आले तर बिघडले कोठे, त्यांतून माशांना प्राणवायूच मिळतो, असे अनेकजण म्हणतात. वस्तुतः टाकीतील पाण्यात प्राणवायू मिसळतो तो मुख्यत्वे पृष्ठभागावरून. हवेच्या दगडातून निघणारे बुडबुडेही पाणी ढवळून तळचे पाणी वर आणतात, यातच त्यांचा मोठा उपयोग असतो. गाळणीत शिरलेली हवा प्रवाह कमी करते, म्हणजे हे ढवळणेच कमी करते. उन्हाळ्यात तर हा तोटा अधिक जाणवतो. २५ अंश सेल्सिअसला गोडे पाणी लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू धरून ठेवू शकते. ३० अंशांना ते प्रमाण ७.६ मिलिग्रॅमच्या आसपास उतरते. नेमक्या त्याच वेळी माशांची गरज वाढलेली असते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. गाळणीचा मार्ग सर्व बाजूंनी बंद आहे. मग त्यात हवा येते कोठून? याची चार उत्तरे संभवतात. एक, गाळणी बसविताना किंवा साफ करताना हवा आतच राहून गेली. दोन, शोषणनळीच्या तोंडातून पाण्याबरोबर बुडबुडेही ओढले जात आहेत. तीन, एखाद्या सांध्यातून बाहेरची हवा आत शिरत आहे. चार, पाण्यात विरघळलेला वायूच आतल्या आत मुक्त होत आहे. पाचवे उत्तर माझ्या पाहण्यात नाही. या चारांपैकी कोणते लागू आहे ते ठरविल्याशिवाय डब्याच्या कड्या उघडू नयेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

या चारांतील तिसरे कारण सर्वांत फसवे असल्यामुळे ते आधी समजून घेऊ. गळती म्हटली की आपण ओल शोधतो. डब्याखाली थेंब पडलेला नसेल तर सांधे ठीक आहेत असे मानतो. पाण्याच्या बाबतीत हे बरोबर आहे. हवेच्या बाबतीत मात्र नेमके उलटे आहे.

सतराव्या शतकात टोरिचेल्ली या इटालियन शास्त्रज्ञाने वातावरणाच्या दाबाचे मोजमाप केले. हा दाब सुमारे १०.३ मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका असतो. आता आपली गाळणी डोळ्यांपुढे आणा. पंप बंद आहे आणि नळ्या पाण्याने भरलेल्या आहेत. टाकीतील पाण्याच्या पातळीइतक्याच उंचीवर नळीच्या आत जो दाब असतो, तो बाहेरच्या हवेच्या दाबाइतका असतो. त्या पातळीच्या खाली आतील दाब बाहेरपेक्षा जास्त. दर १० सेंटिमीटरला जवळजवळ एक टक्क्याने तो वाढत जातो. म्हणून खाली एखादे छिद्र पडले तर पाणी बाहेर येते. परंतु त्या पातळीच्या वर, म्हणजे टाकीच्या काठावरून वळसा घेऊन जाणाऱ्या नळीच्या भागात, आतील दाब बाहेरपेक्षा कमी असतो. शाळेत आपण शिकलेल्या वक्रनलिकेचाच हा प्रकार आहे. तेथे छिद्र पडले तर पाण्याचा एक थेंबही बाहेर येणार नाही. हवा मात्र आत जाईल.

नळीतील ज्या पातळीवर आतला आणि बाहेरचा दाब समान असतो, तिला आपण ‘समदाब रेषा’ म्हणू. रेषेच्या खालचा दोष पाणी गाळतो आणि रेषेच्या वरचा दोष हवा ओढतो. हे एक वाक्य ज्याच्या ध्यानात राहील, त्याला निम्मे निदान साधले असे समजावे. हवा ज्या सांध्यातून येते तो बहुधा अगदी कोरडा, निर्दोष दिसणारा सांधा असतो. म्हणूनच त्याच्याकडे कोणी पाहत नाही.

यात आणखी एक बारकावा आहे. पंप सुरू झाला की शोषणाच्या बाजूची ही रेषा स्थिर राहत नाही. ती खाली सरकते. पाणी नळीच्या तोंडावरील जाळीतून, नळीतून आणि डब्यातील स्पंजांतून ओढले जाताना प्रत्येक अडथळ्यापाशी त्याचा थोडा थोडा दाब खर्च होतो. स्वच्छ गाळणीत हा खर्च अल्प असतो. जाळीवर पाने अडकली, नळीच्या आत शेवाळाचा थर बसला, स्पंज गच्च झाले की तो वाढतो. समजा, डब्याचे झाकण टाकीतील पाण्याच्या पातळीपासून ७० सेंटिमीटर खाली आहे. तुंबलेल्या जाळीने ३० सेंटिमीटर पाण्याइतका दाब खाल्ला आणि गच्च स्पंजांनी आणखी ४५ सेंटिमीटर, तर पंपाच्या तोंडाशी समदाब रेषा ७५ सेंटिमीटर खाली गेली. म्हणजे झाकण आता रेषेच्या वर आले. कालपर्यंत जेथून फार तर पाणी झिरपले असते, तेथून आज हवा आत शिरू लागेल. रबरी कडे तेच, झाकण तेच. बदलला तो अडथळा. म्हणून प्रवाह मंद होत गेला आणि मग बुडबुडे सुरू झाले, असा क्रम आढळला तर आधी अडथळा दूर करावा. कित्येकदा सांध्याला हात न लावताही हवा बंद होते.

झाकणाच्या बाबतीत एक सोपी कसोटी आहे. गाळणी चालू असताना झाकणाची कड पुसून कोरडी करावी आणि पंप बंद करून दहा मिनिटे थांबावे. पंप थांबताच अडथळ्यात खर्च होणारा दाब परत मिळतो आणि समदाब रेषा पुन्हा टाकीच्या पातळीवर चढते. चालू असताना कोरडे असलेले झाकण बंद केल्यावर ओले होऊ लागले, तर दोष रबरी कड्यात आहे हे निश्चित समजावे. त्यात बहुधा वाळूचा कण किंवा वनस्पतीचा तंतू अडकलेला असतो. कडे काढून पुसावे, त्याची खाचही पुसावी आणि सिलिकोन ग्रीसचा पातळ हात द्यावा. घरातील पेट्रोलियम जेली वापरू नये. काही जातींचे रबर तिने फुगते. कडे चपटे किंवा चिरलेले असेल तर मात्र नवे घ्यावे.

आता उरलेली तीन कारणे पाहू.

पहिले कारण, आत राहिलेली हवा. हा दोष नव्हेच. नव्या किंवा नुकत्याच साफ केलेल्या गाळणीतील स्पंज आणि सच्छिद्र कड्या यांच्या असंख्य पोकळ्यांत हवा दडलेली असते आणि ती एकदोन दिवसपर्यंत हप्त्याहप्त्याने बाहेर पडते. बराच वेळ काहीच नाही आणि मग एकाएकी मोठा भपकारा, असे घडते. गाळणी जणू ढेकर देते. अशा वेळी पंप चालू ठेवून डबा दोन्ही हातांनी धरावा आणि हलकेच या बाजूला व त्या बाजूला कलता करावा. पुढच्या खेपेस स्पंज पाण्याखाली दाबून त्यातील हवा आधीच काढावी आणि डबा पाण्याने काठोकाठ भरून मग झाकण लावावे. नळ्या गरजेपेक्षा लांब ठेवू नयेत. कपाटात नळीचा फेरा वर चढून पुन्हा खाली उतरत असेल, तर त्याच्या कमानीत हवा अडकून बसते. दोन दिवसांनंतरही बुडबुडे कमी होत नसतील, तरच दुसऱ्या कारणाकडे वळावे.

दुसरे कारण, तोंडातूनच ओढली जाणारी हवा. शोषणनळीच्या जवळ हवेचा दगड ठेवलेला असेल, किंवा वनस्पतींसाठी सोडलेल्या कार्बन डाय-ऑक्साइडचे सूक्ष्म बुडबुडे त्या दिशेने वाहत असतील, तर ते आत जाणारच. याची परीक्षा सोपी आहे. ते साधन तासभर बंद ठेवावे आणि काय होते ते पाहावे. याहून वारंवार दिसणारा प्रकार पाण्याच्या घटलेल्या पातळीचा आहे. वैशाख-ज्येष्ठात, पंखा चालू असलेल्या खोलीत उघड्या टाकीतील पाणी झपाट्याने आटते. जाळीचे वरचे टोक पृष्ठभागाच्या जवळ आले की तेथे बारीक भोवरा पडतो आणि त्याच्या नळकांड्यातून हवा खाली जाते. हा भोवरा कधीकधी इतका लहान असतो की, बाजूने दिवा धरल्याशिवाय दिसत नाही. यावरचा उपाय म्हणजे टाकीत थोडे पाणी घालणे. शंभरांतील किती तक्रारी या एका तांब्याने मिटतील ते सांगता येणार नाही, पण मिटतात खऱ्या.

चौथे कारण, पाण्यातून मुक्त होणारा वायू. १८०३ मध्ये विल्यम हेन्री या इंग्रज शास्त्रज्ञाने असे दाखविले की, पाण्यात किती वायू विरघळेल हे त्या वायूच्या दाबावर अवलंबून असते. दाब उतरला की जास्तीचा वायू बाहेर पडतो. पाणी तापले तरीही तसेच होते. नळाचे पाणी दाबाखाली आलेले असते आणि हिवाळ्यात ते थंडही असते. ते टाकीत घातल्यावर काचेवर, पानांवर, एवढेच नव्हे तर माशांच्या अंगावरही मोत्यांसारखे बारीक बुडबुडे जमतात. बुडबुडे केवळ परतनळीच्या तोंडाशी न दिसता सर्वत्र दिसत असतील आणि पाणी बदलल्यानंतरच दिसत असतील, तर कारण हेच. पाणी आधी बादलीत काढून ते खोलीच्या तापमानास येऊ द्यावे, ढवळावे आणि क्लोरीनचा बंदोबस्त करून मग टाकीत घालावे.

हा प्रकार बहुधा निरुपद्रवी असतो. तथापि त्याच्या अतिरेकी रूपाकडे दुर्लक्ष करू नये. पाण्यात वायू मर्यादेबाहेर विरघळला तर तो माशाच्या रक्तात आणि ऊतकांत बुडबुड्यांच्या रूपाने सुटू लागतो. अमेरिकेतील मार्श आणि गोरम यांनी १९०५ मध्ये या विकाराचे सविस्तर वर्णन केले. पुढे कोलंबिया नदीवरील धरणांच्या सांडव्यांखाली, खोल डोहात हवा दाबली गेल्यामुळे साल्मन मासे याच विकाराला बळी पडले, आणि त्यातूनच त्या देशात विरघळलेल्या वायूंसाठी ११० टक्के संपृक्ततेची मर्यादा ठरविण्यात आली. घरातील टाकीत अशी पाळी क्वचितच येते. परंतु पंपाने हवेचे पीठ करून टाकी दुधाळ झालेली असेल आणि माशांच्या परांत किंवा डोळ्यांभोवती बुडबुडे दिसत असतील, तर निदान पूर्ण होईपर्यंत पृष्ठभाग चांगला हलता ठेवावा. त्याने जास्तीचा वायू निघून जातो.

याच चौथ्या कारणाचा एक अशुभ पोटभेद आहे. महिनोन्महिने न उघडलेल्या गाळणीत गाळ साचून काही भागात प्राणवायू पोहोचेनासा होतो. तेथे निराळ्या जातीचे जिवाणू वाढतात. त्यांपैकी काही नायट्रोजन सोडतात, तर काही सडलेल्या अंड्यासारखा वास असलेला हायड्रोजन सल्फाइड. बुडबुड्यांना असा वास येत असेल तर विलंब न लावता गाळणी बंद करून स्वच्छ करावी. डबा त्वरित उघडावा असा हा एकच प्रसंग आहे.

तर निदानाचा क्रम कसा ठेवावा? माझ्या मते तो पुढीलप्रमाणे असावा.

आधी फक्त विचारावे: बुडबुडे केव्हापासून येत आहेत? साफसफाईनंतर, पाणी बदलल्यानंतर, वीज गेल्यानंतर, की काही न करता? बहुतेक वेळा या एका प्रश्नातच उत्तर दडलेले असते.

मग पाहावे: पाण्याची पातळी, जाळीजवळचा भोवरा, हवेचा दगड आणि तोटीचा दांडा. अर्धवट उघडी राहिलेली तोटी हाही एक अडथळाच आहे आणि तोही समदाब रेषा खाली ओढतो.

त्यानंतर ऐकावे. शोषणाच्या बाजूने शिरलेली हवा पंपातून जाते. फिरकी तिचे बारीक तुकडे करते, म्हणून बुडबुडे धुक्यासारखे येतात आणि पंपाचा आवाजही बदलतो. परतनळीच्या काठावरील सांध्यातून शिरलेली हवा पंपाला भेटतच नाही. तिचे बुडबुडे मोठे असतात आणि पंप शांत असतो. परतनळीचे तोंड पाण्यात बुडालेले असून त्यावर बारीक छिद्रांची पट्टी नसेल, तर त्या बाजूची कमानही समदाब रेषेच्या वर असू शकते, हे विसरू नये. आणि परतनळीचे तोंड पाण्याच्या वर असेल, तर पडणारी धारच हवा खाली नेते. तेव्हा गाळणीला दोष देण्याचे कारण नाही.

शेवटी हात लावावा, आणि तोही वरून खाली या क्रमाने. काठावरील प्रत्येक सांध्याभोवती पाण्याने भिजविलेले फडके घट्ट गुंडाळावे, किंवा सिलिकोन ग्रीसचा लेप द्यावा, आणि पाच मिनिटे थांबावे. ज्या सांध्याला झाकल्यावर बुडबुडे थांबतात तोच अपराधी होय. स्वयंपाकाच्या गॅसची गळती शोधताना आपण साबणाचा फेस लावतो; ती युक्ती येथे चालणार नाही. हवा आत जात असल्यामुळे फेस फुगणार नाही, उलट साबण मात्र आत ओढला जाईल, आणि माशांना तो घातक आहे. नळीचे टोक कडक होऊन सैल बसत असेल, तर पंप बंद करून दोन्ही तोट्या मिटाव्यात, नळी काढून टोकाचा दोनएक सेंटिमीटर भाग सरळ कापून टाकावा, उरलेले टोक गरम पाण्यात मऊ करावे आणि पुन्हा बसवावे. या दुरुस्तीला पैसा लागत नाही.

पाण्यात किंवा पंपाला हात घालण्यापूर्वी प्लग काढलेला असावा, ही सूचना मी मुद्दाम वेगळी सांगत आहे. विजेची तार खुंटीपर्यंत जाण्याआधी खाली झोल घेऊन जावी, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी खुंटीत न जाता झोलातून खाली ठिबकेल. मासा वाचवण्याच्या घाईत माणूस दगावू नये.

आपल्या देशातील बहुतेक गावांतील मंडळींच्या उपयोगाची आणखी एक गोष्ट सांगतो. वीज गेली की पंप थांबतो. काठावरील सांध्यात दोष असेल तर त्या अवधीत तेथून शांतपणे हवा शिरते आणि कमानीतील पाण्याची अखंडता तुटते. वीज परत येते, पंपाची गुणगुण सुरू होते, घरातील माणसे निश्चिंत होतात. पण पाणी वाहत नसते. म्हणून वीज आल्यावर आवाजावर विश्वास ठेवू नये. परतनळीच्या तोंडाशी हात धरून प्रवाह लागतो की नाही ते पाहावे. वीज कित्येक तास गेलेली असेल तर आणखी सावधगिरी हवी. बंद डब्यातील जिवाणूंनी तेथला प्राणवायू संपविलेला असतो आणि पाणी दूषित झालेले असते. पंप सुरू होताच ते सारे पाणी टाकीत येते. अशा वेळी डब्यातील पाणी ओतून द्यावे, स्पंज आणि कड्या टाकीतून काढलेल्या बादलीभर पाण्यात हलक्या हाताने खळबळून घ्याव्यात आणि मग गाळणी सुरू करावी.

नेहमीची सफाईही याच रीतीने करावी. पाणी टाकीतलेच असावे. सर्व थर एकाच दिवशी धुऊ नयेत; आज निम्मे, उरलेले काही आठवड्यांनी. जाळी आणि नळ्या मात्र वरचेवर साफ कराव्यात. तेथील अडथळाच समदाब रेषा खाली नेतो आणि तेथे जपण्यासारखे जिवाणूही फारसे नसतात. ज्या गृहस्थांची हकिकत मी आरंभी सांगितली, त्यांनी नेमके याच्या उलट केले होते. ज्याला हात लावायचा नाही ते तीनदा धुतले, आणि ज्याला हात लावायला हवा होता ते एकदाही पाहिले नाही. त्यांचे उरलेले दोन मासे पुढे जगले. रोज थोडे पाणी बदलून, अन्न अगदी कमी करून आणि एका स्नेह्याच्या जुन्या गाळणीतील स्पंजाचा एक तुकडा आपल्या डब्यात ठेवून त्यांनी सुमारे दीड महिन्यात टाकी पूर्ववत केली. तसा प्रसंग आपल्यावर आला तर हाच मार्ग धरावा. तुकडा मात्र निरोगी टाकीतलाच असावा.

आपल्यापैकी जे दर रविवारी गॅलिफ स्ट्रीटच्या बाजारात जातात, त्यांनी तेथे हा प्रश्न विचारला तर कोणी नवा पंप घ्या म्हणेल, कोणी नवी गाळणी. सल्ला देणाऱ्याच्या हेतूविषयी मला शंका नाही. परंतु विकत घेण्यापूर्वी आणि उघडण्यापूर्वी एकदा घरी जाऊन टाकीच्या काठावरचा तो कोरडा सांधा पाहावा, एवढीच विनंती आहे.